गल्लीत गाड्या फोडल्या त्यानंतर

येरवडा, पुणे
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय संतोष,

पुण्याच्या बातम्या वाचून तू काळजीने मेसेज केलास. फोनवर उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

नाना पेठेतलं तू वाचलंच आहेस. १ सप्टेंबर २०२४ ला तिथल्या माजी नगरसेवकाचा खून झाला. यंदा अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी त्या खुनातल्या एका आरोपीच्या, क्लासवरून घरी आलेल्या पोराला इमारतीच्या पार्किंगमध्येच गोळ्या घातल्या. हा त्याचाच बदला, असं पोलिसांचं म्हणणं. त्या मोठ्या टोळ्या. आपल्या वस्तीत आहेत ती पंधरा-सोळा वर्षांची पोरं. मोबाइलवर भाईचं स्टेटस ठेवायचं, वाढदिवसाचा केक कोयत्याने कापायचा, आणि एखाद्या रात्री तोंडाला रुमाल बांधून गाड्या फोडत सुटायचं. ज्याची गाडी फुटते त्याच्याशी भांडणही नसतं. एरियात दहशत बसली पाहिजे, एवढंच.

गेल्या महिन्यात आपल्या गल्लीत तेच झालं. सकाळी बघतो तर शाळेच्या भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत काचांचा खच. कोपऱ्यावरच्या मामांच्या रिक्षाची पुढची काच गेली, हूडवर कोयत्याचे तीन वार, आतला स्पंज बाहेर आलेला. मामा काही न बोलता सीटवरच्या काचा वेचत होते. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान येत नाही. बँकेचा हप्ता मात्र चुकत नाही.

पोलिसांनी पोरं दोन दिवसांत उचलली. त्यातली दोघं अठराच्या आतली, म्हणजे बाल न्याय मंडळापुढे. भाई लोकांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर पुढे घालायला त्यांना लहान पोरं लागतात. २०१५ च्या कायद्याने सोळा पूर्ण झालेल्यावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालू शकतो, पण त्याआधी कुणाचा तरी जीव गेलेला असतो. तडीपारी, मोक्का, सगळं नंतरचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलीस आयुक्तांनी शहरातल्या टोळ्यांच्या म्होरक्यांना एकत्र बोलावून तंबी दिली. दिली ते बरंच केलं. पण चौदाव्या वर्षी शाळा सोडून टपरीवर उभ्या राहणाऱ्या पोरापर्यंत ती तंबी कशी पोचणार? तिथे आपणच लागतो, आणि हे मी आता हट्टाने सगळ्यांना सांगतो.

कोजागरीला मंडळापुढे दूध आटवत सगळे बसले होते, तेव्हा विषय निघालाच. एक जण म्हणाला, त्या पोरांची घरंच वस्तीतून हलवा. बऱ्याच माना हलल्या. तेवढ्यात बचत गटाच्या काकू उठल्या. म्हणाल्या, "हलवून पाठवणार कुठं? दुसऱ्या वस्तीत जाऊन तिथल्या गाड्या फोडतील. आणि चौकात भाईच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्याला वर्गणी कोण देतं? आपणच ना?" कुणी उत्तर दिलं नाही. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला रे.

त्याच रात्री ठरलं की गुन्हे दाखल असलेल्याचा फ्लेक्स आपल्या चौकात लागणार नाही. मंडळाची खोली संध्याकाळी अभ्यासाला उघडी ठेवायची. मामांच्या काचेचे पैसे पोरांच्या घरच्यांनी हप्त्याने द्यायचे. त्यातला एक नववीत शाळा सोडलेला, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं. तो जामिनावर घरी आलाय. त्याची आई धुण्याभांड्याची कामं करते, सकाळी सहाला बाहेर पडते ती रात्रीच परतते. तिच्या मागे तो एकटा असतो आणि भाईची माणसं गाडी घेऊन दारात येतात. जेवायला नेतात, बूट घेऊन देतात. आपल्यापैकी कुणी त्याला कधी जेवायला बोलावलं होतं? आता काकूंकडे दुपारचं जेवण ठरलंय. पहिले दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः जाऊन घेऊन आल्या.

सगळं सुरळीत होईल असं समजू नकोस. फ्लेक्स काढायला लावला म्हणून मंडळाच्या एका पोराला धमकी आली. आम्ही पाच-सहा जण त्याच्यासोबत चौकीत जाऊन तक्रार देऊन आलो.

आता तुझ्याकडे काम. तुमच्या ग्लासगोत २००५ साली पोलिसांनीच हिंसा कमी करायला वेगळा विभाग काढला, आणि २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना कोर्टात बोलावून त्यांच्यापुढे डॉक्टर आणि मुलगा गमावलेली आई उभी केली, हे तूच मला सांगितलं होतंस. सोडायची तयारी असेल त्याला मदतीसाठी फोन नंबर दिला, शिक्षण-नोकरीची सोय केली. मला त्याच्या पुढचं हवंय. फोन केलेल्या पोराकडे दुसऱ्या दिवशी कोण जायचं? जुनी टोळी दारात आली तर काय करायचे? त्या कामातलं कुणी भेटलं तर नीट विचारून लिही. काकूंना वाचून दाखवायचंय, म्हणून मराठीतच लिही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप