बनावट माल पकडून दिल्याचा खर्च कोणी सोसायचा?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बनावट मालाच्या आयातीविषयी आपल्या कालच्या अंकात आलेला लेख वाचला. लेखकांनी विषय मांडला याबद्दल आभार. परंतु उद्योजकाने आपल्या ट्रेडमार्कची सीमाशुल्क विभागाकडे एकदा नोंद केली की पुढचे सारे विभाग पाहतो, हे त्यांचे म्हणणे वाचून मला रात्री झोप लागली नाही, कारण अशी नोंद मी केली होती आणि पुढचे सारे मलाच पाहावे लागले.

आम्ही द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या ब्लोअर यंत्रासाठी पितळी नोझल (फवारा सोडणारी तोटी) बनवतो. त्यातल्या सिरॅमिकच्या चकतीचे भोक झिजले की थेंब मोठा पडतो, औषध पानावर टिकण्याऐवजी ओघळून जाते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाला तेवढी फट पुरते. काही वर्षांपूर्वी एक जुने गिऱ्हाईक आमच्या नावाचे नोझल घेऊन कारखान्यात आले आणि दोन-तीन फवारण्यांतच चकती गेली म्हणून चारचौघांत आम्हाला बोलले. नाव आमचे होते, डबीही हुबेहूब आमच्यासारखी होती. आटे मात्र वेगळे होते आणि आतली चकती प्लास्टिकची होती. त्यांच्या बागेचे घड गेले होते, त्यामुळे हे नोझल आमचे नाही असे सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.

माल परदेशातून येतो असे कळल्यावर मी ‘बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियम, २००७’ अन्वये सीमाशुल्क विभागाकडे ट्रेडमार्कच्या नोंदीसाठी अर्ज केला. त्याचे शुल्क २,००० रुपये आहे आणि ते भरताना कोणाचीही तक्रार नसते. खरी परीक्षा कंटेनर अडवला जातो तेव्हा सुरू होते. अडवलेल्या मालाच्या किमतीच्या ११० टक्के रकमेचे बंधपत्र (भरपाईची लेखी हमी) आणि त्या बंधपत्राच्या २५ टक्के रकमेची बँक हमी किंवा ठेव ट्रेडमार्कधारकाने द्यायची, तीही तीन दिवसांत. ती दिली नाही तर माल सोडून दिला जातो. शिवाय दहा कामकाजाच्या दिवसांत कार्यवाहीत सामील व्हायचे, नमुने तपासून लेखी म्हणणे द्यायचे आणि त्यासाठी कारखाना सोडून बंदरावर हेलपाटे घालायचे. हे सर्व मी केले. माल बनावट ठरला, जप्त झाला, आणि त्यानंतर त्याच्या साठवणुकीचे भाडे, डेमरेज (माल बंदरात जास्त दिवस पडून राहिल्याचा आकार), डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचा आकार) आणि माल नष्ट करण्याचा खर्च यांचे बिल माझ्या हातात पडले. ही कोणा अधिकाऱ्याची मनमानी नव्हती. नियम ११ मध्येच हा खर्च हक्कधारकाने सोसावा असे स्पष्ट लिहिले आहे. आयातदाराला झालेला दंड अर्थातच सरकारी तिजोरीत जमा झाला. घरफोडीची फिर्याद देणाऱ्याकडूनच चोराच्या कोठडीचे भाडे वसूल करावे, तसा हा कायदा आहे.

पुढे पुन्हा तसाच माल आला. तिथल्या अधिकाऱ्यांनी स्वतः फोन करून सांगितले, डबीचे फोटोही पाठवले. माल बनावट आहे हे त्यांनाही दिसत होते. पण हंगामापूर्वी पितळ भरून ठेवल्यामुळे माझ्याकडे हमीला लावायला पैसा उरला नव्हता, आणि बँकेची हमी तीन दिवसांत मिळत नाही हे कोणताही लघुउद्योजक सांगेल. मुदत उलटली आणि माल सुटला. ते नोझल त्या वर्षी आमच्याच नावाने आमच्याच तालुक्यात विकले गेले, आणि त्यांनी किती बागा फवारल्या गेल्या असतील या विचाराने आजही माझा जीव कासावीस होतो.

खोट्या तक्रारीने आयातदाराचे नुकसान होऊ नये म्हणून काही तारण हवे, हे मला मान्य आहे. दोन सिमकार्डांच्या मोबाइलवरील पेटंटच्या एका दाव्यावरून आयातदारांचा माल बंदरांवर अडकला होता, ते प्रकरण या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे, आणि २०१८ मध्ये या नियमांतून पेटंट वगळण्यात आले तेही योग्यच झाले. पण म्हणजे नियम बदलता येतात! ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला मोठ्या कंपनीकडून ९,००० रुपये घेणारे हेच सरकार लघुउद्योगाकडून ४,५०० रुपये घेते. कागदावर नाव नोंदवताना आमची ऐपत लक्षात घेतली जाते, मग ते नाव बंदरावर राखताना आम्हाला चपला-घड्याळांच्या जगप्रसिद्ध कंपन्यांच्या रांगेत का उभे केले जाते? लघुउद्योगासाठी तारण कमी करावे, त्याची मुदत वाढवावी, आणि माल बनावट ठरल्यावर साठवणुकीचा व विल्हेवाटीचा खर्च आधी आयातदाराकडून वसूल करावा, इतकीच माझी मागणी आहे. आज तो खर्च परत मिळवायचा तर आम्ही स्वतंत्र दिवाणी दावा लावायचा आणि तारखा मोजत बसायचे.

‘राष्ट्रीय बौद्धिक संपदा जागृती अभियान’ डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाले, त्यातून लाखो विद्यार्थ्यांना पेटंट आणि ट्रेडमार्क म्हणजे काय ते सांगण्यात आले. हे काम मोलाचे आहे आणि माझ्या पुतणीच्या महाविद्यालयातही त्याचे व्याख्यान झाले. मात्र आपले नाव दुसऱ्याच्या मालावर दिसल्यावर कोणाकडे जायचे, किती पैसे हाताशी ठेवायचे आणि किती दिवसांत काय करायचे, हे औद्योगिक वसाहतींत येऊन कोणीही सांगत नाही. जागृतीची गरज तिथे अधिक आहे.

जाता जाता आपल्याविषयीही एक तक्रार आहे. आपल्या जिल्हा पुरवणीत द्राक्ष हंगामाच्या तोंडावर ‘कंपनीसारखेच’ सुटे भाग निम्म्या किमतीत देण्याच्या जाहिराती छापल्या जातात. बनावट मालाविरुद्ध लेख छापणाऱ्या वृत्तपत्राने अशी जाहिरात घेताना जाहिरातदाराला तो कोणत्या कंपनीचा माल विकतो आणि त्याचे पक्के बिल देतो का, एवढे तरी विचारावे. शेतकरी छापील शब्दावर विश्वास ठेवतो.

मालाच्या विल्हेवाटीच्या खर्चाच्या बिलाची आणि तीन दिवसांच्या मुदतीच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. त्या लेखाच्या लेखकांपर्यंत ती पोहोचवावी आणि पुढच्या लेखात त्यांनी नियम ११ विषयी लिहावे, ही विनंती.

आपला,
एक लघुउद्योजक व नियमित वाचक,
तासगाव, जि. सांगली