तंजावरला ये, पण मे महिन्यात नको

तिरुची, रविवार सकाळ

प्रिय मंद्या,

तुझे तीन मेसेज आले आणि मी तिन्हींना नुसता अंगठा टाकून गप्प बसलो, सॉरी. पण "तंजावर कसंय रे, आपल्या भोसल्यांचं" असं विचारलंस ना, त्याला एका ओळीत उत्तर देता येत नव्हतं, म्हणून आज चहा घेऊन निवांत बसलोय. बदली होऊन आठ महिने झाले, इथून तंजावर तास-सव्वा तासावर, आत्तापर्यंत चारदा जाऊन आलो.

पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात, शुद्ध गाढवपणा. मोठ्या देवळात, म्हणजे बृहदीश्वराच्या, चपला बाहेर काढायच्या आणि आतलं ते अवाढव्य अंगण सगळं दगडी, सकाळी अकरालाच तव्यासारखं तापलेलं. लोक काथ्याच्या पट्टीवरून शहाण्यासारखे चालले होते, मी मात्र फोटोसाठी मधोमध गेलो आणि परत येताना असा नाचत आलो की एका आज्जीने हसून पदर तोंडाला लावला. संध्याकाळी तळव्याला फोड.

पण देऊळ म्हणजे काय चीज आहे लेका! राजराज चोळाने १०१० साली पुरं केलं, शिखर साधारण २१६ फूट, आणि सगळं ग्रॅनाइटचं. गाईड लोक हमखास सांगतात की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. सपशेल थाप, मी चार वाजता त्याच सावलीत बसून पाणी प्यायलो. मला आवडलं ते वेगळंच. भिंतींवर चोळांचे तमिळ लेख आहेत, ते मला वाचता येत नाहीत पण त्यात काय लिहिलंय ते कळल्यावर थक्क झालो. कुठले दागिने देवाला दिले, दिव्यांच्या तुपाची सोय कशी लावली, एवढंच नाही तर देवळात आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आणि कुठल्या आळीत कोणतं घर कुणाचं, हेसुद्धा! हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आणि आमच्या ऑफिसात गेल्या वर्षीची फाईल सापडत नाही.

आणि मग त्याच देवळाच्या भिंतीवर अचानक मराठी. देवनागरी अक्षरं, ओळींवर ओळी, भिंतभर. इथल्या भोसले राजाने, दुसऱ्या सरफोजीने, १८०३ मधे भोसले घराण्याचा अख्खा इतिहास कोरून घेतलाय. माझी छाती फुगली, बोट ठेवून वाचायला गेलो तर वॉचमनने शिट्टी मारली. मग लांबून वाचलं, अक्षरं सगळी ओळखीची पण वाक्य कुठं संपतं तेच कळेना. तिथं उभं राहून एक विचार आला, तू सातारकर आहेस म्हणून चिडशील पण सांगतोच. देऊळ चोळांनी बांधलं, आपण आलो पावणेसातशे वर्षांनी, आणि दुसऱ्याच्या भिंतीवर आपली वंशावळ लिहिली. गडावर लोक बदाम काढून नावं कोरतात त्याचीच ही राजेशाही आवृत्ती की! अर्थात ती लिहिली म्हणून आज आपल्याला वाचता येते, तेही खरं.

आपण आलो कसे तेही भारी आहे. मदुरैच्या नायक राजाने तंजावर घेतलं, ते सोडवायला आदिलशहाने व्यंकोजीराजांना पाठवलं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. सोडवलं, आणि १६७६ च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. पाहुण्याचं भांडण मिटवायला जाऊन घरच ताब्यात घेतल्यासारखं! पुढे पावणेदोनशे वर्षं राहिले, १८५५ मधे मुलगा वारस नाही म्हणून कंपनीने खालसा केलं. सरफोजीच्या हातात तर १७९९ नंतर किल्ला सोडला तर राज्य उरलंच नव्हतं, पण गड्याने रडत न बसता सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, औषधशाळा काढली, डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसकट टिपणं ठेवून घेतली. राज्य गेलेला राजा एवढं काम करतो हे बघून मला तो सगळ्यांत आवडला. एक मात्र खटकतं, नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून इंग्रजांच्या कौतुकाचा एक आठ मजली बुरूज समुद्राकाठी बांधलाय त्याने. त्याचं नाव ऐक, मनोरा. तमिळ माणसंसुद्धा मनोराच म्हणतात!

सांबार संभाजीराजांच्या नावावरून, ही गोष्ट इथं सगळे सांगतात, पुरावा कुणी दाखवत नाही, मी वाद घालत नाही आणि सांबार परत मागतो. नाटकाचं मात्र खरंय हां, आपण मराठी नाटक १८४३ च्या सांगलीपासून मोजतो, पण इथल्या शहाजीराजांनी (व्यंकोजींचा मुलगा, शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत) त्याच्या दीडशे वर्षं आधी मराठीत नाटकं लिहिलीत.

ग्रंथालयात एक आजोबा भेटले. मी फोनवर आईशी बोलत होतो, ते बाजूला येऊन थांबले आणि फोन ठेवल्यावर चक्क मराठीत म्हणाले, "तुम्ही कुठले?" शब्द आपले, हेल पूर्ण तमिळ. घरात मराठी, बाहेर तमिळ, कित्येक पिढ्या असंच, महाराष्ट्र कधी बघितलेला नाही. सातारा कसा आहे म्हणून विचारत होते, मी म्हटलं थंडी असते, तर त्यांना ते भलतंच नवल वाटलं.

थंडीवरून आठवलं, इथं ती नाहीच. आपल्याकडे जूनमधे धो धो पडतो तेव्हा इथं नुसता वारा, खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. वादळंही तेव्हाच, २०१८ च्या नोव्हेंबरात गजा वादळाने पट्टुकोट्टैकडचे नारळ आडवे केले, ते लोक अजून सांगतात. शेती सगळी कावेरीवर. मेट्टूर धरण १२ जूनला उघडायची पद्धत आहे, पाणी कमी असलं की तारीख पुढे जाते आणि मग बसमधे, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. ते पाणी कल्लणैला येऊन फाटे फुटतात. कल्लणै म्हणजे करिकाल चोळाचा बंधारा, दोनएक हजार वर्षांचा, आणि अजून कामावर! जुलैत त्याच्यावर उभा होतो, खाली गढूळ पाणी आणि पलीकडे क्षितिजापर्यंत भाताची रोपं, आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला पोटात कालवतं रे.

कुंभकोणमही याच जिल्ह्यात. तिथं पितळी डबरा-टंबलरमधली फिल्टर कॉफी प्यायलो, वरून धार धरून फेस आणतात, पहिला घोट जीभ भाजतो आणि दुसरा मागवावाच लागतो. दारासुरमचं देऊळ चुकवायचं नाही, मोठ्या देवळापेक्षा लहान पण कोरीवकाम जास्त नाजूक. स्वामिमलैला धातूची मूर्ती ओतायला मेणाच्या मूर्तीवर कावेरीची माती थापून साचा करतात ते बघत तासभर उभा होतो.

जानेवारीत ये. तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले संत-संगीतकार त्यागराज यांची आराधना असते, नदीकाठी शेकडो गवई एकत्र गातात, आणि पायही भाजत नाहीत. येताना कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स आण, एक त्या आजोबांना कबूल करून बसलोय.

तुझा,
बंड्या