घरगुती फुलव्यवसायाला फ्लेक्सची गरज नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीत घरातूनच फुलांचा व्यवसाय सुरू करणाऱ्या अनेक भगिनी सुरुवातीलाच चौकातला फ्लेक्स, गुळगुळीत कार्डे आणि समाजमाध्यमांवरील सशुल्क जाहिराती यांवर हातातले भांडवल घालवून बसतात. मी स्वतः विश्रामबागेत हाच व्यवसाय घरातून करते, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे. फूल नाशवंत असल्याने या धंद्यात रोज सकाळी बाजारात नेण्यासाठी रोख पैसा हाताशी असावा लागतो, आणि तोच फ्लेक्समध्ये अडकला तर चांगला माल उचलता येत नाही. शिवाय फ्लेक्ससाठी महापालिकेची परवानगी लागते, ती वेगळीच.

आपल्याकडची घरे वार आणि तिथी पाहून फुले घेतात. सोमवारी बेल, मंगळवारी व चतुर्थीला दूर्वा आणि जास्वंद, गुरुवारी पिवळी शेवंती, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, हे ध्यानात ठेवून आपली इमारत आणि शेजारच्या दोन-तीन गल्ल्या एवढ्यापुरताच फुलपुडीचा रतीब लावावा. पुडीच्या कागदावर नाव व फोन नंबर असलेला रबरी शिक्का मारला की जाहिरातीचा खर्च तिथेच संपतो. मात्र पुडी पूजेच्या आधी दाराशी पोचलीच पाहिजे. एक चतुर्थी चुकली तर ते घर पुन्हा विचारत नाही.

श्रावणातील मंगळागौरीची पत्री आणि गणेश चतुर्थीची 21 पत्री फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सहज मिळत नाहीत. प्रत्येक पत्रीला नावाची चिठ्ठी लावून जुडी दिली, तर ती गोळा करण्याचे श्रम लागतात, पैसे फारसे लागत नाहीत, आणि एका मंगळागौरीला जमलेल्या सगळ्या मुलींपर्यंत आपले नाव आपोआप जाते.

खरी ओळख होते ती डोहाळजेवणातील फुलांच्या दागिन्यांमुळे. निशिगंधाच्या घट्ट कळ्या, मधूनमधून गुलाबाची छोटी फुले, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट असा साज नीट बसला, गाठी टोचल्या नाहीत आणि ओटी भरून होईपर्यंत कळ्या टवटवीत राहिल्या, तर त्या दिवशी काढलेली छायाचित्रे माहेर-सासरच्या सगळ्या नातलगांच्या मोबाईलवर फिरतात. त्या घरच्यांना विचारून, त्यांची परवानगी असेल तरच, त्यांतील दोन-तीन छायाचित्रे आपल्याकडे ठेवावीत. इंटरनेटवरून उचललेली दुसऱ्याच्या कामाची छायाचित्रे आपली म्हणून दाखवणे मला अप्रामाणिक वाटते, आणि प्रत्यक्ष काम पाहिल्यावर गिऱ्हाईकही ते ओळखते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची निमंत्रणे असतात. ओळखीच्या एखाद्या घरी त्या दिवशीचे गजरे आपल्यातर्फे द्यावेत. चांगल्या मोगऱ्याच्या किंवा अबोलीच्या गजऱ्यासोबत हातात पडलेली साधी चिठ्ठी बायका जपून ठेवतात. ब्युटी पार्लर चालवणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या आणि पौरोहित्य करणारे गुरुजी यांना एकदा नमुना दाखवून यावा.

मोबाईलचा उपयोग अवश्य करावा, पण विनामूल्य सोयींचा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये छायाचित्र व दरासह यादी लावता येते, आणि उद्या चतुर्थी आहे याची आठवण आदल्या संध्याकाळी स्टेटसवर देता येते. गुगलवर व्यवसायाची नोंद करण्यास पैसे पडत नाहीत, आणि घराचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवण्याची सोय तिथे आहे. घरात एकट्या काम करणाऱ्या महिलांसाठी ती फार मोलाची. सरकारी उद्यम नोंदणीही निःशुल्क आहे, त्यामुळे तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

आरंभीच मोठी सवलत जाहीर करण्याला मात्र माझा विरोध आहे. दसऱ्याला झेंडूचा भाव चढतो तेव्हा सवलतीची सवय लागलेले गिऱ्हाईक टिकत नाही, आणि वाढीव दर सांगताना नव्या उद्योजिकेची कोंडी होते. त्यापेक्षा दर रास्त ठेवून पुडीत दूर्वांची एक जुडी जास्त घालावी.

आपल्या दैनिकास विनंती, की तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते त्या काळात घरगुती व्यवसायांसाठी सवलतीच्या दरात दोन ओळींच्या जाहिरातींचे एक सदर आठवड्यातून एकदा सुरू करावे. ज्येष्ठ वाचक आजही सकाळी वर्तमानपत्रच आधी उघडतात, आणि रोजच्या पूजेची फुले बहुतेक घरांत तेच मागवतात.

आपली नम्र,
एक गृहउद्योजिका, विश्रामबाग, सांगली