अ‍ॅम्पचं काय झालं ते एकदाच सविस्तर

आखेन, जर्मनी, रविवार

ती. आई-बाबांना सा. न., आजीला नमस्कार,

फोनवर तुम्ही तिघं एकदम बोलता आणि अ‍ॅम्पचा (म्हणजे गाणी ऐकायला स्पीकरला लावतात त्या अ‍ॅम्प्लिफायरचा) विषय निघाला की आई गप्प होते, म्हणून टाइप करतोय. ताई, आजीला वाचून दाखव. आधीच सांगतो, तब्येत मस्त आहे, जॅकेट आहे, चांगलं आहे, त्या पैशात अजून एक जॅकेट घ्यायची काही गरज नव्हती.

तर अ‍ॅम्प जुना घेतलाय, यामाहाचा, ६० युरोला. सहा-साडेसहा हजार धरा. मावशीने कुठून पंचवीस हजार ऐकलं देव जाणे. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधी भरून ठेवलेल्या खात्यातून, दर महिन्याला येतात त्यातले नाहीत हे, ते भाडं, इन्शुरन्स आणि किराणा ह्यातच जातात, हे कॅन्टीनच्या कामाचे आहेत. स्पीकर तर फुकटच मिळाले, नागपूरचा एक सिनियर नोकरी लागून दुसऱ्या गावाला गेला तो देऊन गेला, पण त्यांना स्वतःचा अ‍ॅम्प नाही, नुसते डबे, मग ते काय कपाटावर मांडून बघत बसायचं का.

आता इथली एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं कळेल. इथे रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत आवाज नाही म्हणजे नाही, आणि रविवार तर पूर्ण दिवस. रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही, वस्तीत गवत कापायचं मशीन चालवायचं नाही, त्याचा तर कायदाच आहे. एवढंच नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायला रस्त्यावर मोठे डबे असतात, त्यातसुद्धा रविवारी बाटली टाकायची नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो! मी लोणच्याची बरणी घेऊन गेलो तर समोरच्या खिडकीतून एक आजी बोट हलवून नको नको करत होत्या, मी बरणी परत घरी आणली. आमच्या बिल्डिंगच्या नियमात तर दुपारी एक ते तीनही शांतता आहे, आपला पुण्याचा मामा इथे सुखाने राहील. लोक भांडायला येत नाहीत हां, चिठ्ठी लावतात दारावर, सभ्य भाषेत, आणि ती जास्त लागते. माझ्या दारावर अजून लागलेली नाही, काळजी नको.

म्हणून वॉटच्या मागे लागलोच नाही. बाबा, तुम्ही म्हणालात १०० वॉटचा नवा का नाही, तर नवा बरा म्हणावा असा दोनशे युरोच्या आसपास जातो आणि ते वॉट वापरणार कुठे? माझे स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतात, पॉवर दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात, ह्या खोलीत मी एक वॉटसुद्धा पूर्ण वापरत नसेन. टाकी मोठी बसवली म्हणून कुणी जास्त पाणी पीत नाही. छोटे चायनीज अ‍ॅम्प पण बघितले, बॉक्सवर शंभर-शंभर वॉट छापलेले आणि बरोबर २४ व्होल्टचा अडॅप्टर, त्यातून ८ ओहमच्या स्पीकरला तीसेक वॉट निघाले तरी खूप. तेही चालले असते, पण मी बघितले त्यात हेडफोनचं भोक नव्हतं आणि इथे दहानंतर तेच लागतं. यामाहाला ते आहे, शिवाय लाउडनेसचं वेगळं बटण आहे. आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो, तबल्याचा बायाँ गायबच होतो, ते बटण फिरवलं की परत येतो. हळू आवाजात ऐकणाऱ्याला ह्याच्याइतकं कामाचं काही नाही, वॉट गेले खड्ड्यात.

विकणारे आजोबा होते, बिल आणि मॅन्युअल फाइलमध्ये लावून ठेवलेलं. चालू केला की दोन-तीन सेकंदांनी आत रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा स्विच, टक् वाजला, तो वाजला नाही तर समजायचं आत गडबड आहे. आवाजाचं बटण फिरवताना मात्र खरखर, ८० चे ६० त्यावरच झाले, नंतर क्लीनरचा स्प्रे मारला आणि पन्नास वेळा फिरवलं, गेली. आणि बाबा, तुम्ही बॅगेत कोंबलेला मल्टिमीटर! आई काढा काढा म्हणत होती तोच. स्पीकर न जोडता त्यांच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज बघितलं (ते जास्त असलं तर स्पीकर जळतात), दोन्हीकडे १०-१२ मिलिव्होल्ट, म्हणजे उत्तम. इथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच, त्यामुळे परत येताना आणला तर फक्त पिन बदलायची, बाबांनाच होईल तो. म्हणजे पैसे वाया गेले असं नाहीच.

ताईच्या लग्नाचं. फेब्रुवारीतला मुहूर्त पक्का झाला का अजून बोलणी चालू आहेत? माझे पेपर नेमके तेव्हाच आहेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुहूर्त असेल तर मी नक्की येतो, एप्रिलमध्ये पुढची सेमिस्टर सुरू होते, गुरुजींना एकदा विचारून बघा ना. नाहीच जमलं तर नाही, माझ्यासाठी अडवून धरू नका, ताई तू तर मुळीच नको. लोनचं व्याज तुम्हीच भरताय ते डोक्यात असतं माझ्या, दर वेळी बोलत नाही एवढंच. ह्या महिन्यात १५० युरो पाठवतोय, ते ताईसाठी आहेत, बाबांनी ते व्याजात घालायचे नाहीत. आणि मावशीला सांगा सांगलीच्या स्थळाचा फोटो मला पाठवू नका, आधी थीसिस होऊ दे. फोटो आलाच असेल तर राहू दे, पण पत्रिका देऊ नका कुणाला.

तुमचा,
अभि

ता. क. शालू बघायला जाल तेव्हा व्हिडिओ कॉल करा. तुमच्या दुपारी दोननंतर, त्याआधी मी कॅन्टीनमध्ये असतो.