प्रेमाचा तिमाही आढावा

प्रिय मन्या,

पत्र वाचलं, तुमच्या दोघांच्या तिमाही आढाव्यासाठी केलेली स्प्रेडशीटही पाहिली. 'रोजचे मेसेज', 'रुसवे', 'रुसवा निघायला लागलेले तास' असे रकाने, वर लाल-पिवळा-हिरवा रंग. मेहनत दिसते. व्यवस्थापनशास्त्र प्रेमात चालतं का, असं विचारलंयस. चालतं, पण ते स्वतःवर चालवायचं असतं. जिच्यावर प्रेम करतोस, तिलाच तू तुझ्या हाताखालचा विभाग समजून कामाला लागलायस, घोळ तिथेच आहे.

मेसेजचा रकाना आधी उडव. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनधोरणाविषयी जे निरीक्षण मांडलं, त्याचा सार असा की आकडा हेच उद्दिष्ट झालं की तो मोजमापाच्या कामाचा राहत नाही. दिवसाला दहा मेसेजचं टार्गेट लाव, दहा येतील. त्यातले सहा 'हं' असतील, तीन 'जेवलास?' आणि एक अंगठा. तुझा तक्ता हिरवागार, आणि ती कंटाळलेली.

आता फ्रेडरिक हर्झबर्ग, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. तो नीट समजून घे, कारण तुझी अर्धी तक्रार त्यातच सुटते. त्यानं दोनशेच्या आसपास इंजिनिअर आणि अकाउंटंट यांना कामात कधी बरं वाटलं, कधी वाईट, हे विचारलं आणि १९५९ मध्ये निष्कर्ष मांडला : समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि असमाधान टाळणाऱ्या वेगळ्या. पगार, नियम, बसायची जागा यांत खोट असली तर माणूस वैतागतो. पण त्या चोख असल्या म्हणून तो खुशीनं नाचत नाही. वेळेवर येणं, फोन उचलणं, कबूल केलेलं काम करणं, ओला टॉवेल पलंगावर न टाकणं, हा सगळा तुझा 'पगार'. 'मी सलग तीन आठवडे वेळेवर आलो, तरी तिला काही नाही' असं लिहिलंयस. काही नसणारच! वेळेवर आल्याबद्दल टाळ्या पडत नसतात. आनंद दुसऱ्या यादीतून येतो : तिच्या कामात मनापासून रस घेणं, तिनं केलेलं नेमकं काय आवडलं ते सांगणं, तिच्या निर्णयाला वजन देणं. पण ही दुसरी यादी पहिलीची भरपाई करत नाही. दर वेळी चाळीस मिनिटं उशीर आणि सोबत गुलाब, हे गणित कोणत्याच कंपनीत बसत नाही.

याहून अवघड दुखणं स्टीव्हन कर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकानं १९७५ मध्ये दाखवलं : संस्थांना हवं असतं एक आणि बक्षीस देतात भलत्यालाच. तुला हवंय काय, तर तिनं मनातलं सरळ बोलावं. ती सरळ बोलते तेव्हा तू काय करतोस? 'बरं, बघू' म्हणून पुन्हा फोनमध्ये. आणि ती दोन दिवस गप्प बसली की रजा टाकून, तिकिटं काढून, माफीचे तीन परिच्छेद लिहून हजर. म्हणजे बोनस अबोल्यालाच! ती काही डाव खेळत नाही. तुझी पगारवाढीची पद्धत तिला कळलीय, एवढंच. उपाय : साध्या आवाजात आलेल्या तक्रारीवर त्याच दिवशी काहीतरी करायचं, छोटं का होईना.

टोयोटाची 'पाच वेळा का' ही पद्धत वापरतोस म्हणे. तोंडावर पाच वेळा 'का?' विचारलंस तर ती चौकशी होते, आणि तिसऱ्या 'का'ला दार आपटतं. ते पाचही प्रश्न स्वतःला विचार. उशीर का? बैठक लांबली. कळवलं का नाही? रागावेल म्हणून. का रागावेल? मागच्या वेळी अगदी शेवटच्या क्षणी कळवलं म्हणून. इथेच दुरुस्ती सापडते : दहा मिनिटांहून जास्त उशीर होणार हे दिसलं की त्या क्षणी मेसेज. या पद्धतीत खोट कामाच्या रीतीत शोधतात, माणसात नाही. उत्तर 'कारण ती तशीच आहे' असं आलं, तर साखळी चुकली समज आणि मागे जा.

तिमाही आढाव्याऐवजी आठवड्याला वीस मिनिटं बसा. उपाशीपोटी नको, झोपेच्या तोंडावर नको. प्रत्येकी एकच तक्रार, तीही याच आठवड्यातली आणि घडलेल्या प्रसंगाची. 'नेहमी' आणि 'कधीच' या दोन शब्दांना बंदी. मागची शिल्लक पुढे ओढायची नाही. इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह म्हणत की अशी समोरासमोरची बैठक हाताखालच्या माणसाची असते, अजेंडा त्यानं ठरवावा. तुमच्यात हाताखालचं कोण, हा वाद घालू नकोस. अजेंडा तिचा धर.

भांडणं वाढली म्हणून घाबरलायस, त्यावर ब्रूस टकमन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पुरे. गट आधी जमतो, मग भांडतो, मग त्याची घडी बसते, मग तो काम करतो, हे त्यानं १९६५ मध्येच मांडलंय. तुम्ही दुसऱ्या टप्प्यात आहात. १९७७ मध्ये त्यात पाचवा टप्पा जोडला गेला, विसर्जनाचा. तो तिला समजावून सांगू नकोस. आणि 'तीन वर्षं गुंतवलीत' हे कारण तर कुठेच वापरू नकोस. गेलेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हे तुला पहिल्या सत्रातच शिकवलंय. शिवाय ते ऐकायलाही फार वाईट लागतं.

शनिवारी पहिली बैठक ठेवतोयस ना? मग प्रोजेक्टर आणू नकोस. आणि अजेंडा मंजुरीला मला पाठवू नकोस, तिच्याकडून माग.

तुझाच,
बाळ्या