बोल्ट हवेत आवळला होता

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय भावा,

नखांतलं काळं अजून निघालेलं नाही, तेव्हा कागदावर डाग दिसले तर ग्रीसचे समज. बाबांच्या जुन्या फियाटच्या, आपल्या पद्मिनीच्या, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, म्हणजे टोकांच्या जोडांतले रबर, अखेर काढले. त्यात आपल्या दोघांच्या एका जुन्या पापाचा उलगडा झाला, म्हणून फोन न करता लिहायला बसलोय.

आपण हेच बुश बदलले होते आणि वर्षाच्या आत गाडी पुन्हा खडखडायला लागली होती, आठवतं? स्पीडब्रेकरवर मागून 'टक्', वळणावर शेपूट हलवल्यासारखं. "डुप्लिकेट माल दिलास" म्हणून आपण दुकानदाराला काय काय सुनावलं होतं! तो बिचारा निर्दोष होता.

या वेळी घाई केली नाही. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) बॉडीच्या भक्कम भागाखाली लावल्या, ॲक्सल वेगळ्या जॅकवर पेलला. मागच्या शॅकलचे, म्हणजे पाट्याचं मागचं टोक झुलतं ठेवणाऱ्या दुव्याचे, रबर हातानेच निघाले. पुढच्या बोल्टनं मात्र अंत पाहिला. नट सुटला, बोल्ट फिरतही होता, पण बाहेर येईना. हा बुश म्हणजे नळीत नळी आणि मध्ये रबर; त्यातली आतली नळी गंजून बोल्टला चिकटलेली, त्यामुळे मी बोल्ट नव्हे, रबर पिळत होतो! दोन दिवस तेल पाजलं, हातोडा मारला, शिव्या घातल्या. शेवटी बॉडीवरचं ब्रॅकेट आणि नळी यांच्या फटीतून हॅकसॉ ब्लेड घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. एका बाजूला दीड तास.

पाटा खाली आला, तरी बुशाची बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) घट्ट बसलेलीच. गल्लीतला एक जाणकार म्हणाला, गॅसनं जाळून टाक. नको म्हटलं. रबराचा धूर एकवेळ सोसेन, पण त्या आचेनं पाट्याचं पाणी (पोलादाचा कणखरपणा) उतरलं तर नवा पाटा कुठून आणू? मग ड्रिलनं रबर कोरून काढलं, ब्लेड आतून ओवलं आणि नळीला लांबीच्या रेषेत चीर पाडली. शेवटचा पत्रा उरला की थांबायचं, कारण ब्लेड पाट्याला लागून चर पडला तर उद्या तडा तिथूनच जातो. उरलेलं काम छिन्नीनं. नळी आत दुमडली आणि टुणकन खाली पडली. तो आवाज ऐकून आई बाहेर आली, म्हणाली, "मोडलीस का?"

नवे बुश बसवायला उद्यमनगरात लेथवर एक तुकडा करून घेतला, फक्त बाहेरच्या नळीवर टेकेल असा. मधल्या नळीवर दाब दिला की रबर फाटतं. मग आटे पाडलेली सळई, दोन जाड वॉशर आणि पाना. हळूहळू ओढत आत घेतला. तेल-ग्रीस अजिबात नाही, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरलं.

आता पाप ऐक. जुना बुश कापून पाहिला, तर रबर एकाच दिशेनं पिळवटून फाटलेलं. या बुशात काही घसरत नाही रे. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये गच्च, बाहेरची पाट्यात गच्च, आणि पाटा हलला की मधलं रबर पीळ खातं. आपण गाडी जॅकवर, पाटे लोंबकळत असताना बोल्ट आवळले होते. खाली उतरवताच पाटा वर सरकला आणि रबर उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलंच राहिलं. वर्षभर टिकलं हेच खूप.

या खेपेला बोल्ट सैल ठेवले, घोड्या ॲक्सलखाली सरकवल्या, सगळं वजन पाट्यांवर येऊ दिलं, मागून चार हिसके दिले आणि मगच आवळलं. काल रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो. मागून आवाज नाही. त्यामुळे डिकीचं झाकण वाजतं हे पहिल्यांदाच कळलं.

२०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, तेव्हा तूच बातमी पाठवून "आता तुझीही काढ" लिहिलं होतंस. काढत नाही, जा. पुढच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यांचे) बुशही संपलेत. पण तिथे दाबलेली कॉइल स्प्रिंग आहे, सुटली तर दात पाडेल, तेव्हा स्प्रिंग दाबून धरणारा नीट कॉम्प्रेसर आणि दुसरा माणूस असल्याशिवाय हात लावणार नाही. तो दुसरा माणूस तू.

नवे बुश त्याच दुकानातून आणले. त्यानं ओळखलं, पण काही बोलला नाही. उलट चहा पाजला. माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. शिव्या दोघांनी दिल्या होत्या, तेव्हा तू आलास की दोघं मिळून जाऊ.

तुझाच,
फियाटवाला