तोंडी लावायला बटाटे

वेंगुर्ले, श्रावण

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ओव्हन घेतलास, हौसेचे केक करून झाले, आणि आता ते लिंबाचे ग्रीक बटाटे कसे करायचे ते 'सविस्तर' कळव म्हणतोस. इथं पाऊस असा लागलाय की छत्री घेऊन तिठ्यापर्यंत जायचंसुद्धा जिवावर येतं. त्यात श्रावण, म्हणजे घरात मासे बंद. तेव्हा सविस्तरच लिहितो, वाचायचा कंटाळा केलास तर बघ.

पहिली गोष्ट, हे बटाटे म्हणजे ओव्हनमधले फ्राईज नव्हेत. आधी ते लिंबू, तेल आणि पाण्याच्या रसात शिजतात. तो रस पिऊन झाला की त्याच ट्रेमध्ये भाजले जातात. म्हणून ते आतून मऊ, आंबट, लसणीच्या वासाचे आणि कडांना खरपूस होतात. कुरकुरीत हवे असतील तर सरळ तळ.

एक किलो बटाटे सोलून लांबट, जाड फोडी कर. एका बटाट्याच्या चार, फार तर सहा. ट्रेमध्ये एकावर एक चढवू नकोस, प्रत्येक फोडीला बूड टेकायला जागा पाहिजे. अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, वाटीभर पाणी, पाच-सहा लसूण पाकळ्या, मीठ, मिरपूड आणि चमचाभर सुका ऑरेगॅनो. तो तळहातावर चुरून टाक, वास तिथंच सुटतो. लसूण ठेचू नकोस, पाकळीचे दोन-तीन मोठे तुकडेच कर. बारीक लसूण कडेला चिकटून करपते आणि अख्ख्या ट्रेला कडू करते. दोनशे अंशांवर तासभर तरी ठेव, मध्ये एकदा फोडी पलट.

लिंबाचं मात्र नीट ऐक. तिकडचं लिंबू मोठं, जाड सालीचं आणि आपल्यापेक्षा सौम्य असतं. आपली कागदी लिंबं तीन पुरे. पण सगळा रस आधीच ओतू नकोस. आंबटात बटाटा लवकर शिजत नाही. त्याच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहजी विरघळत नाही, म्हणून तर चिंच आधी घातली की भाजी कडक राहते. थोडं आंबट आधी हवंच, नाहीतर फोडी मोडून लगदा होतो. मी अर्धा रस सुरुवातीला आणि अर्धा शेवटच्या दहा मिनिटांत घालतो. म्हणजे फोड अख्खी राहते आणि लिंबाचा ताजेपणाही टिकतो.

आता तेल. अर्धी वाटी बघून आईनं कपाळाला हात लावला. तिच्या लेखी ऑलिव्ह तेल म्हणजे औषधाच्या दुकानातून आणायची, बाळाला चोळायची बाटली. पण इथं काटकसर नको. तेल, लिंबू आणि बटाट्यातून सुटलेलं पीठ मिळून तळाशी जो दाटसर रस होतो, सगळी मजा त्यात आहे. भारी तेल इतकं तापलं की जळेल, ही तुझी भीतीही सोड. ट्रेमध्ये पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या फार वर जात नाही. पाणी आटल्यावरच भाजणं सुरू होतं, तेव्हा तेवढं लक्ष ठेव. ट्रेच्या कोपऱ्यात रस आटून मधासारखा तांबूस, चिकट थर जमतो. तो कालथ्यानं खरवडून फोडींवर घाल. आमच्याकडे त्या कोपऱ्यावरून भांडणं होतात. खोबरेल घालून बघू का, असं विचारशील, तर नको. खोबरेल आलं की लिंबू आणि ऑरेगॅनो दोघेही गप्प बसतात. चव वाईट नाही लागत, पण मग त्या आपल्या काचऱ्याच.

बटाटा कुठला, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. आमच्याकडे सगळा माल घाटावरून येतो आणि पावसाळ्यात बहुतेक शीतगृहातला असतो. थंडीत राहिलेल्या बटाट्यात पिठाची साखर होते. तो गोडसर लागतो आणि आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट पडतो. असे बटाटे आणून आठवडाभर टोपलीत उघडे ठेवले की पुष्कळ सुधारतात. आणि कृपा करून बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नकोस. वहिनी ठेवतात, मी पाहिलंय.

ऑरेगॅनोसाठी पिझ्झ्याबरोबर आलेल्या पुड्या तू खणात साठवल्या असशीलच. त्या वापरू नकोस. त्यांत बहुधा मीठ-मिरची मिसळलेली असते. खरं तर तुला बाजारात जायचीही गरज नाही. तुझ्या गॅलरीतली पानओव्याची कुंडी बघ, सर्दी झाली की जिचं पान चघळतोस ती. ऑरेगॅनोला ज्या कार्वाक्रॉल आणि थायमॉलमुळे वास येतो, तीच द्रव्यं पानओव्यात असतात. आपल्या ओव्याच्या दाण्यातही थायमॉल, तेच तिकडच्या थाईममध्ये. पान जाड, लवदार आणि पाण्यानं भरलेलं असतं. मोडलं की कट्कन आवाज होतो आणि बोटांचा वास जेवण होईस्तोवर जात नाही. म्हणून जपून, किलोला तीन-चार पानं, बारीक चिरून, तीही ओव्हन बंद करायच्या आधी पाच मिनिटं. सुका ऑरेगॅनो आधी, ताजं पान शेवटी.

रोझमेरी मात्र आमच्या वाट्याची नाही. तिला कोरडा उन्हाळा आणि हिवाळ्यात बेताचा पाऊस लागतो. इथं चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर कोसळतो, मुळं कुजणार नाहीत तर काय! पडवीत, पागोळ्यांपासून लांब एक कुंडी ठेवलीय, पण तिचा चेहरा काही उजळत नाही.

हिचं माहेर अलिबागकडचं. हिनं पहिल्यांदा हे बटाटे खाल्ले आणि म्हणाली, "ही तर पोपटीच की!" मला पटलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ, पाण्याचा थेंब नाही, तोंड पाल्यानं बंद, मडकं उपडं आणि भोवती जाळ. पाल्याचा आणि ओव्याचा वास बटाट्यात मुरवायचा हाच धंदा. तिकडे नुसतं लिंबू आणि तेल जास्त.

तू इतिहासाचा मास्तर, म्हणून हेही सांगतो. बटाटा ग्रीकांचाही नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमधला. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. ग्रीसमध्ये तो रुजवायचं श्रेय 1828 साली कारभार हाती घेतलेल्या योआनिस कापोदिस्त्रियासला देतात. लोक बटाट्याला हात लावेनात, म्हणून त्यानं ढिगाभोवती पहारा बसवला. पहारा आहे म्हणजे माल मोलाचा, असं समजून लोकांनी तो चोरायला सुरुवात केली, आणि पहारेकऱ्यांना तिकडे बघू नका असा हुकूम होता! आख्यायिकाच म्हणायची, कारण हीच गोष्ट फ्रान्समध्ये पार्मेंतिए नावाच्या औषधतज्ज्ञाची आणि प्रशियात फ्रेडरिक राजाची म्हणून सांगतात.

आमच्या घरी वेगळाच खटला उभा राहिला. सोमवारचा उपास, बटाटा चालतो, लिंबू चालतं, पण ऑरेगॅनो उपासाला चालतो का? मी म्हटलं, पोर्तुगीजांचा बटाटा चालतो तर ग्रीकांच्या पाल्यानं काय घोडं मारलंय? आईनं जरा विचार केला आणि निकाल दिला, "लसूण काढ, मगे चलात." बिनलसणीचे खाल्ले आणि वर म्हणाली, "बटाटे बरे झालेत, पण मीठ कमी आसा." मीठ खरंच कमी नव्हतं. पण आमच्याकडे दुसऱ्यानं केलेल्या पदार्थात मीठ कमीच असतं.

सोबत काय, तर सोलकढी नको, आंबटावर आंबट होतं. तवसं, म्हणजे काकडी, किसून, पिळून, घट्ट दह्यात थोडी लसूण आणि मीठ घालून कालव. फोडणी नाही, दाण्याचं कूट नाही. त्याला ग्रीक लोक त्झात्झिकी म्हणतात. श्रावण संपला की हळद-मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला बांगडा घे. मालवणी मसाल्यातलं काही नको, तो मसाला बटाट्याला बोलूच देत नाही.

लाईट गेली तर घाबरू नकोस, आमची रोजच जाते. ट्रेमधलं सगळं लोखंडी कढईत ओत, झाकण ठेवून रस आटेपर्यंत शिजव, मग झाकण काढून परतत राहा. जुन्या घरी धोंडस, म्हणजे काकडीचा केक, करायचे तसे झाकणावर करवंटीचे निखारे ठेवता आले तर उत्तमच, पण कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर नको.

दिवाळीत येतोयस ना? तोवर सातगाव पठारावरचा नवा बटाटा मंडईत आलेला असेल. पातळ सालीचा, मध्यम आकाराचा बघून पाच किलो घेऊन ये. ऑलिव्ह तेलही आण, इथं दुप्पट भाव सांगतात. बांगड्याचं मी बघतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या